कलमकाड्या छाटायच्या नव्या चाकूचा घट्टपणा: एका दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील चाकूचे मालक खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे, जांबोटीपलीकडच्या भरपूर पावसाच्या पट्ट्यात आंबा आणि काजूची कलमे बांधून विकतात. त्यांचे नाव व गाव येथे दिलेले नाही. पावसाळ्यात मृदुकाष्ठ (कोवळ्या फुटीवर बांधायच्या) कलमांचा हंगाम चालू झाला की मातृवृक्षांवरून कलमकाड्या आणण्याचे काम ते स्वतः करतात, कारण कोणत्या फांदीची काडी पक्व झाली आहे आणि कोणत्या काडीचा शेंड्याचा डोळा फुगलेला पण न फुटलेला आहे, हे पारखण्याचे काम त्यांना दुसऱ्यावर सोपवता येत नाही. निवडलेल्या फांद्यांची पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटलेली असतात. नंतर झाडावर चढून, एका हाताने फांदीला धरून, दुसऱ्या हाताने काडी कापून कमरेच्या पिशवीत टाकायची असते. प्रत्यक्ष पाचरीचा काप घेण्यासाठी त्यांच्याकडे वेगळा, एकाच बाजूने धार दिलेला चाकू असतो आणि तो रोपवाटिकेतल्या बाकावरच राहतो. झाडावर नेण्याचा चाकू मात्र घडीचा लागतो, आणि तो एका हाताने उघडता व मिटवता आला पाहिजे.

त्यांचा जुना चाकू केवळ पाठीच्या स्प्रिंगवर उघडा राहणारा होता. स्प्रिंग सैल पडल्यावर एकदा कापताना पाते उलटे मिटले आणि त्यांच्या तर्जनीवर जखम झाली. त्यानंतर पुतण्याने त्यांना लॉकचा नवा चाकू मागवून दिला. त्याचे पाते डी-२ या कठीण हत्यारी पोलादाचे, पाते व मूठ यांच्यामध्ये फॉस्फर ब्राँझचे दोन वॉशर, पाते उघडण्यासाठी अंगठ्याची घुंडी, आणि पाते पूर्ण उघडले की मुठीतील पोलादी पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे (मुठीतल्या टोकामागे) अडकते, अशी त्याची रचना होती. किमतीच्या मानाने चाकू चांगला होता, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

अडचण

नवा चाकू अतिशय घट्ट होता. अंगठ्याने जोर लावला तरी पाते प्रथम हलत नसे आणि मग एकदम झटक्याने सुटे; अर्ध्यावर आल्यावर पुन्हा खरखरून रेंगाळे. मिटवताना लॉकची पट्टी बाजूला सारण्यासाठी नखाचा जोर लागे. जमिनीवर बसून दोन्ही हातांनी हे सर्व जमत होते, परंतु ओल्या फांदीवर उभे राहून ते करणे धोक्याचे होते.

मालकांनी आपल्या परीने उपाय केले होते. नवी वस्तू वापरून मऊ होते या समजुतीने त्यांनी काही आठवडे रोज संध्याकाळी चाकू उघडण्या-मिटण्याचा परिपाठ ठेवला. त्यात खोबरेल तेल सोडले. आणि तरीही फरक पडेना तेव्हा बारीक चपट्या पेचकसाने पिव्होटचा, म्हणजे पाते ज्याभोवती फिरते त्या खिळीचा, ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचा स्क्रू सैल केला. स्क्रू सैल केल्यावर पाते हलके फिरू लागले खरे, पण ते डावीकडे-उजवीकडे डुलू लागले, आणि वापरात स्क्रू आपोआप आणखी सुटत गेला. चाकू परत करण्याची मुदत तोवर उलटून गेली होती. या अवस्थेत ते चाकू घेऊन बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या छोट्या टूलरूममध्ये आले. “भाऊ, हलका करून द्या, पण लॉक मात्र दगा देता कामा नये,” एवढीच त्यांची मागणी होती. संपूर्ण प्रकरणाचा निकाल या वाक्यानेच ठरत गेला, कारण चाकू हलका करण्याचे बरेचसे झटपट उपाय लॉकच्या मुळावर येणारे असतात.

घट्टपणा नेमका कुठे आहे

घडीच्या चाकूचा घट्टपणा ही एक गोष्ट नसते. स्क्रूच्या आवळण्याने वॉशरवर येणारा दाब, वॉशर आणि पात्याचे बूड यांच्या पृष्ठभागांतील घर्षण, मिटलेले पाते खिशात उघडू नये म्हणून लॉकच्या पट्टीत बसवलेल्या बारीक पोलादी गोळीची पकड, आणि उघड्या स्थितीत पट्टी बुडाला चिकटून बसणे, ही चार वेगवेगळी कारणे आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. बोटाला मात्र ती सर्व एकच जडपणा म्हणून जाणवतात. म्हणून काही खोलण्यापूर्वी तपासणी केली.

प्रथम स्क्रू पुन्हा इतका आवळला की पात्याची बाजूची हालचाल थांबावी. त्यानंतर पाते थोडे उघडून, बारीक लाकडी काडीने लॉकची पट्टी बाहेरच्या बाजूला रेटून धरली, म्हणजे गोळी बुडावरून उचलली जाते, आणि पाते सावकाश फिरवून पाहिले. गोळी बाजूला असताना पाते मोकळे फिरले असते तर दोष गोळीच्या पकडीत आहे, असे म्हणता आले असते. येथे तसे झाले नाही. सुरुवातीचा झटका नाहीसा झाला, पण मधल्या टप्प्यातील खरखर तशीच राहिली, आणि बोटांच्या टोकांना ती ठराविक जागीच जाणवत होती. घर्षण सगळीकडे सारखे असते तर जडपणाही सारखा लागला असता. ठराविक जागी येणारी खरखर म्हणजे कुठेतरी उंचवटा आहे, हे त्यावरून कळले.

चाकू खोलणे ही या प्रकरणातील पहिली मोठी निर्णयाची जागा होती. अनेक उत्पादक चाकू खोलल्यास हमी नाकारतात, म्हणून मालकांना ते आधी सांगून त्यांची संमती घेतली. स्क्रूच्या आट्यांना कारखान्यात डिंक लावलेला होता आणि चपट्या पेचकसामुळे ताऱ्याच्या कडा थोड्या गोल झाल्या होत्या. सोल्डरिंगच्या इस्त्रीचे टोक स्क्रूच्या डोक्याला थोडा वेळ टेकवल्यावर डिंक मऊ झाला, मग टी-८ मापाची चांगली कडक की हलकेच ठोकून नीट बसवली आणि एकाच सलग जोराने स्क्रू सुटला. अशा वेळी की थोडी जरी तिरपी धरली तर उरलेल्या कडाही जातात आणि पुढे ड्रिल मारण्यावाचून मार्ग उरत नाही.

आत पाहिल्यावर चित्र स्पष्ट झाले. खोबरेल तेल, कारखान्यातील पॉलिशचा मळ आणि आंब्याचा चीक यांचा काळा, चिकट थर वॉशरच्या दोन्ही बाजूंना बसला होता. तो स्पिरिटने पुसून भिंगाखाली पाहिले असता एका वॉशरच्या बाहेरच्या कडेला, एकाच बाजूने, पंचिंगची बारीक बर उभी असलेली दिसली. पत्र्यातून वॉशर पंचाने कापला जातो तेव्हा एका बाजूची कड किंचित गोलावते आणि दुसऱ्या बाजूला धारदार ओठ उभा राहतो. तो कारखान्यात काढून टाकायचा असतो, तो येथे राहून गेला होता. या बरेची बाजू पात्याकडे होती. वॉशरची कड बाहेरूनच चकाकत होती, आतला भाग मात्र काळपटच होता, म्हणजे सगळा भार त्या कडेवरच येत होता. पात्याच्या बुडावर, जिथे ही कड फिरली होती तिथे, ब्राँझचा पिवळसर पट्टा आणि त्यात रुतलेल्या कणांनी काढलेले बारीक ओरखडे उमटले होते.

विचारात घेतलेले मार्ग

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे काहीच न करता चाकू वापरत राहणे. हा मार्ग तुच्छ मानण्यासारखा नाही. ब्राँझ पोलादापेक्षा मऊ असल्याने वॉशरवरचे बारीक उंचवटे वापराने आपोआप दबतात, गोळी बुडावर स्वतःची गुळगुळीत वाट तयार करते, आणि ज्या चाकूत दोष नाही, केवळ नवेपणा आहे, त्यासाठी याहून चांगला उपाय नाही. येथे मात्र बर आणि मळ आत असताना प्रत्येक उघड-मिटीने पात्यावरचे ओरखडे वाढणार होते.

दुसरा मार्ग आमच्याच टूलरूममधील एका तरुण फिटरने सुचवला. “काका, वाल्व्हची पेस्ट घालून थोडा वेळ हलवला की मऊ होतंय की,” असे तो म्हणाला. ही घर्षक कणांची पेस्ट असते. इंजिनाचा वाल्व्ह त्याच्या सीटवर बसवताना ती पेस्ट आपण वापरतोच, त्यामुळे सूचना वरवर पाहता तर्कशुद्ध होती. ती मी का नाकारली हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते, कारण ही चूक जाणत्या माणसांकडूनही होते. लॅपिंगमध्ये, म्हणजे अशी पेस्ट घालून दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना, घर्षकाचे कण मऊ धातूत रुतून बसतात आणि समोरच्या कठीण धातूला कापतात. म्हणूनच कठीण पोलाद लॅप करण्यासाठी आपण ओतीव लोखंडाचा किंवा तांब्याचा लॅप घेतो. चाकूच्या जोडात ब्राँझचा वॉशर मऊ आणि पाते कठीण आहे. तिथे पेस्ट घातली तर कण वॉशरमध्ये रुततील, वॉशर स्वतःच लॅपचे काम करू लागेल, आणि पेस्ट कितीही धुऊन काढली तरी रुतलेले कण पुढे कायम पात्याचे बूड झिजवत राहतील. शिवाय उघडताना-मिटताना ती पेस्ट लॉकच्या तोंडापर्यंत, म्हणजे पट्टी बुडाला टेकते त्या जागेपर्यंत, आणि पिव्होटच्या भोकापर्यंत पोहोचते. भोक मोठे झाले की पात्याचा खेळ कोणत्याही आवळण्याने जात नाही. त्या मुलाला हे समजावल्यावर त्याने तो रुतलेल्या कणांचा पिवळा पट्टा स्वतः भिंगाखाली पाहिला, आणि पुढचे काम त्याच्याच हातून करून घेतले.

तिसरा मार्ग म्हणजे लॉकची पट्टी थोडी बाहेर वाकवून तिचा दाब कमी करणे. यामुळे गोळीची पकड आणि लॉक सोडवण्याचा त्रास दोन्ही एकदम कमी होतात, आणि म्हणूनच तो मोहात पाडतो. पण त्याच स्प्रिंगच्या दाबाने पट्टी पात्यामागे जाऊन बसते. दाब कमी झाला की लॉक वरवर बसतो, आणि फांदीत अडकलेले पाते ओढून काढताना तो सरकू शकतो. ज्या माणसाचे बोट एकदा कापले आहे, त्याच्या चाकूवर हा प्रयोग करणे मला मान्य नव्हते. त्याच कारणाने बुडावरील, मिटल्यावर गोळी जिच्यात बसते त्या खळगीची कड गोल करण्याचा चौथा मार्गही सोडला, कारण तसे केल्यास मिटलेले पाते कमरेच्या पिशवीत हिसक्याने उघडण्याची शक्यता राहते.

उरला तो मार्ग वेळखाऊ होता: बर काढणे, वॉशर सपाट करणे, आतील मळ पूर्ण धुणे, लॉकला हात न लावणे आणि उरलेला नवेपणा वापराने जाऊ देणे.

प्रत्यक्ष केलेले काम

जाड काचेच्या तुकड्यावर १५०० क्रमांकाचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवला. त्यावर वॉशर ठेवून, एका बोटाच्या सपाट भागाने, फक्त बोटाच्या वजनाएवढा दाब देऊन, इंग्रजी आठच्या आकारात फिरवला. सरळ रेषेत घासले तर बोटाचा दाब एका बाजूला जास्त पडतो आणि वॉशर पाचरीसारखा उतरता होतो. आठच्या आकारात दिशा सतत बदलत राहते. सुरुवातीला कागदावर फक्त बाहेरच्या कडेची पिवळी वर्तुळे उमटत होती. बर गेल्यावर चकाकी कडेकडून आत सरकू लागली, आणि संपूर्ण पृष्ठभागावर सारखी झाक आल्याबरोबर काम थांबवले. त्यानंतर २००० क्रमांकाच्या कागदावर थोडेसेच फिरवले. आरशासारखी चमक आणण्याचा मोह येथे आवरावा लागतो. ती चमक दिसायला सुंदर असते, पण वॉशरची जाडी कमी होण्यापलीकडे तिने फारसे काही साधत नाही, आणि अगदी बारीक राहिलेल्या रेघा तेल धरून ठेवायला उपयोगी पडतात.

दुसऱ्या वॉशरला बर नव्हती. तरी दोन्ही वॉशर मायक्रोमीटरने मोजून त्यांची जाडी जुळते आहे याची खात्री केली, कारण एक पातळ झाला की पाते मिटताना मुठीच्या मध्यावरून एका बाजूला सरकते आणि धार पट्टीला घासते.

पात्याच्या बुडावर काम करण्यापूर्वी लॉक टेकण्याचे तोंड आणि गोळीची खळगी चिकटपट्टीने झाकून घेतली. पात्याची धारही जाड कापडाने गुंडाळून बांधली होती. अशा कामात बोटे कापतात ती याच वेळी. मग सपाट लाकडी ठोकळ्यावर २००० चा कागद गुंडाळून, ओरखड्यांचा वर आलेला भाग तेवढा खाली बसवला. खोल ओरखडे तसेच ठेवले, कारण खाली गेलेली रेघ घर्षण वाढवत नाही आणि ती नाहीशी करण्यासाठी बुडाची जाडी घालवणे परवडणारे नव्हते.

लॉकचे तोंड केवळ तपासले. त्यावर मार्किंग ब्लूचा (टेकण्याची जागा दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ हात देऊन पाते उघडले असता पट्टी बुडाच्या सुरुवातीच्या भागावर, पण पूर्ण उंचीभर टेकते आहे असे दिसले. नव्या चाकूत ती अशीच सुरुवातीला टेकावी; झीज होत जाईल तशी ती पलीकडे सरकते. हे तोंड पॉलिश केले असते तर काही वर्षांत व्हायची झीज त्या दिवशीच झाली असती. पट्टी चिकटण्यावर उपाय म्हणून मऊ पेन्सिलीचे शिसे तोंडावर घासले, एवढेच केले. ग्रॅफाइटमुळे दोन पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवत नाहीत, आणि ते झिजून जाईपर्यंत दोन्ही तोंडे एकमेकांशी जुळलेली असतात.

सर्व भाग साबणाच्या कोमट पाण्याने, मग स्पिरिटने धुऊन, पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीत वाळवले. बारीक स्क्रू फरशीवर पडला तर सापडत नाही, म्हणून हे सर्व काम ताटलीवरच करायचे. तेल कोणते घालावे यावर मालकांचा आग्रह खोबरेलचा होता. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसखाली गोठते, आणि बेळगाव-खानापूर भागात हिवाळ्याच्या सकाळी तापमान त्याच्या कितीतरी खाली जाते. शिवाय ते मळ धरून चिकट होते. म्हणून शिवणयंत्राचे पातळ तेल घेतले आणि प्रत्येक वॉशरला सुईच्या टोकाने एकच थेंब दिला. ग्रीस टाळले, कारण ते धूळ आणि झाडाच्या सालीचा भुगा धरून ठेवते.

जोडताना मुठीचे स्क्रू आधी आणि पिव्होटचा स्क्रू शेवटी, थोडा-थोडा करून आवळला. पाते बाजूला डुलणार नाही, पण लॉक बाजूला धरल्यावर स्वतःच्या वजनाने खाली येऊ लागेल, अशी जागा शोधली. ही जागा स्क्रूच्या अगदी लहान फेऱ्यात असते आणि ती सापडेपर्यंत घाई करून चालत नाही. आट्यांना डिंक मात्र या वेळी लावला नाही.

चाकू मालकांना परत दिला तो एका कामासह. पाऊस सुरू होण्यास अवकाश होता, म्हणून त्यांनी पंधरवडाभर तो घरी बसून सावकाश, पूर्ण उघडून आणि पूर्ण मिटवून चालवावा, झटके देऊ नयेत, आणि मग पुन्हा आणून दाखवावा असे ठरले. ते परत आले तेव्हा वॉशरभोवतीचे तेल करडे झाले होते. तो जुळत्या पृष्ठभागांतून निघालेला ब्राँझचा बारीक भुगा होता. चाकू पुन्हा खोलून धुतला, नवे तेल दिले, आणि आता मात्र निळ्या रंगाचे, हाताच्या कीने सुटणारे थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक) स्क्रूच्या टोकाच्या आट्यांना किंचित लावून एक दिवस वाळू दिले. ते जास्त झाले तर वाहून वॉशरपर्यंत जाते आणि सगळे केलेले काम चिकटवून टाकते.

निष्पत्ती

खरखर पूर्ण गेली. अंगठ्याला सुरुवातीचा ठोका अजून जाणवतो, आणि तो जाणवायलाच हवा. त्यापुढे पाते एकसारखे फिरते. लॉक घट्ट बसतो आणि अंगठ्याच्या पेराने सुटतो. बाजूचा खेळ नाही.

हंगाम सुरू झाल्यावर मात्र काही दिवसांतच चाकू पुन्हा जड झाल्याचा निरोप आला. चाकू पाहिला तेव्हा वॉशर कोरडे होते. चौकशीत कळले की एका मातृवृक्षावरून दुसऱ्यावर रोग जाऊ नये म्हणून ते प्रत्येक झाडानंतर पाते स्पिरिटमध्ये बुडवत होते. ही सवय चांगली आहे आणि ती मोडण्यास सांगणे चुकीचे ठरले असते. पण पाते थेट बुडापर्यंत बुडवले की स्पिरिट पिव्होटमध्ये शिरते आणि तेल धुऊन काढते. आता ते पात्याचे टोक खाली धरून, स्पिरिटने भिजवलेल्या फडक्याने पुसतात, आणि आठवड्याला एकदा जोडावर तेलाचा थेंब सोडतात. त्यानंतर तक्रार आलेली नाही. पाते मात्र रोज संध्याकाळी कोरडे पुसून ठेवावे लागते, कारण डी-२ मध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम असले तरी त्यातील बरेचसे कार्बाइडमध्ये अडकलेले असते आणि त्या भागातील पावसात ते गंजाला पूर्ण आवर घालू शकत नाही.

वेगळे काय करता आले असते

चाकू हाती आल्या दिवशी तो निदान बाहेरून स्पिरिटने धुऊन, पट्टी बाजूला धरून फिरवून पाहिला असता, तर बरेची खरखर त्याच दिवशी लक्षात आली असती आणि परत करण्याची मुदतही हाती होती. दुरुस्तीपेक्षा बदली चाकू मागणे हा तेव्हा सर्वांत योग्य मार्ग ठरला असता. मळ आत ठेवून काही आठवडे चाललेल्या उघड-मिटीनेच बुडावर ओरखडे पडले; चाकू वापरून मऊ करण्याची जुनी रीत खरी आहे, पण ती धुतलेल्या आणि तेल दिलेल्या जोडालाच लागू पडते.

स्क्रू सैल करणे हा उपाय नसून तपासणीचे साधन आहे. पाव फेरा सैल करून फरक पडतो का ते पाहावे आणि लगेच परत आवळावे. सैल ठेवलेला चाकू वापरला की पाते तिरपे होऊन लॉक एका कडेवर टेकतो, आणि तिथली झीज नंतर भरून काढता येत नाही. या चाकूत ती वेळ आली नव्हती, हे ब्लूच्या खुणेवरून दिसले.

आमच्या बाजूने विचार करायचा तर कामाची चौकशी सुरुवातीलाच अधिक खोल करता आली असती. झाडावर चाकू कसा धरला जातो, हे विचारले होते. तो कशाने पुसला जातो, हे विचारलेले नव्हते, आणि पुढची तक्रार नेमकी तिथूनच आली.

एक प्रश्न पुढच्या हंगामासाठी राखून ठेवला आहे. वॉशर झिजल्यावर त्याच मापाचा सुटा वॉशर मिळेल याची खात्री नाही. फॉस्फर ब्राँझचा पत्रा घेऊन तो टूलरूममध्येच पंच करता येईल, पण जाडी जुन्याइतकीच ठेवावी लागेल आणि दोन्ही वॉशर एकाच वेळी बदलावे लागतील. त्यासाठी आत्ताच्या वॉशरची मापे नोंदवून चाकूच्या खोक्यात चिठ्ठी ठेवली आहे.